स्वतःच्या हातची भेट

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात, नौपाडा, ठाणे येथे एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या मेळाव्यात मी अभ्यासाच्या सवयींवर बोलावे अशी संयोजकांची सूचना होती. ती मी मान्यही केली होती. परंतु सभागृहात येण्यापूर्वी शेजारच्या खोलीतले हस्तकलेचे प्रदर्शन पाहिले आणि विषय बदलण्याची परवानगी अध्यक्षमहोदयांकडे मागून घेतली. त्या प्रदर्शनात दुपटी आहेत, बटवे आहेत, रुमाल आहेत, एक सुरेख जुझदान आहे. प्रत्येक वस्तूला करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली आहे. त्या साऱ्या चिठ्ठ्या मी वाचल्या. त्यांत एकाही मुलाचे नाव नाही. दुसरी गोष्ट अशी की, या वस्तू पाहून बाहेर पडणाऱ्या काही पालकांच्या तोंडून मी ऐकले, "छान आहे, पण याचा परीक्षेत काय उपयोग?"

म्हणून आज मी सुई-दोऱ्यावर बोलणार आहे. मित्रासाठी, मैत्रिणीसाठी आपल्या हाताने शिवलेली भेट, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु त्यात आपल्या घरांतली आणि शाळांतली एक मोठी अडचण लपलेली आहे.

ती अडचण कोणती? शाळेत हल्ली वाढदिवस साजरे होतात. ईद असते, दिवाळी असते, निरोपसमारंभ असतात. प्रत्येक प्रसंगी भेटवस्तू द्यायची असते. ती दुकानातून आणायची, चकचकीत कागदात गुंडाळायची, आणि उघडल्याबरोबर वर्गाने तिची किंमत ओळखायची! ज्याच्या घरी चार पैसे आहेत त्याला याचे काही वाटत नाही. परंतु ज्याचे वडील रिक्षा चालवतात, ज्याची आई घरी बसून कपड्यांना काज-बटणे करते, त्या मुलाचे काय? असा मुलगा मित्राच्या वाढदिवशी पोट दुखते म्हणून घरी राहतो. हजेरीपट भरताना शिक्षकाच्या हे ध्यानात येते. आम्ही त्याला गैरहजर लिहितो. खरे म्हणजे तो लाजेने गैरहजर असतो. मैत्रीला ऐपत लागते असा समज बालपणीच झाला, तर पुढे तो मनातून काढणे फार कठीण जाते.

माझे म्हणणे असे की, ज्याच्या हातात सुई चालते, तो मैत्रीत कधीच गरीब नसतो.

गोधडीचे गणित

आपल्या महाराष्ट्रात याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ती गुदडी असते. लहान बाळाची असली की तिचेच दुपटे होते. नावे अनेक, काम एकच. जुनी लुगडी, साड्या, धोतरे, ओढण्या, कुडते स्वच्छ धुवायचे, एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र बांधायचे. फाटलेल्या कापडाच्या चिंध्या टाकून न देता त्या जोडून वर लावायच्या. गोधडीला नवे कापड लागत नाही. उलट जुने सुती कापडच बरे. वारंवार धुतल्याने ते मऊ झालेले असते. सुई त्यातून सहज जाते आणि बाळाच्या अंगाला ते टोचत नाही. थरांच्या मधे हवा अडकते आणि तीच थंडी अडवते, एवढे साधे विज्ञान तिच्यात आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. एक गोधडी १८० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर घातल्या, तर रुंदीत साठ ओळी बसतात. प्रत्येक ओळ १८० सेंटिमीटरची. साठ गुणिले १८०, म्हणजे १०,८०० सेंटिमीटर. म्हणजेच १०८ मीटर शिवण. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला, तर दहा हजार आठशे टाके! मिनिटाला दहा टाके या वेगाने न थांबता शिवले तरी अठरा तास लागतील. रोज अर्धा तास काढला तर छत्तीस दिवस. यात कापड धुणे, जोडणे, टाचणे, कडा मुडपणे हे धरलेलेच नाही.

ज्या गोधडीत आपण झोपतो, ती आपल्या दादीने किंवा नानीने शिवलेली असेल, तर आज घरी गेल्यावर तिच्या ओळी मोजा. तिने आपल्याला काय दिले आहे याचा हिशोब तेव्हा कळेल. दुकानातल्या भेटीत देणाऱ्याचे पैसे असतात. हाताने शिवलेल्या भेटीत त्याच्या आयुष्यातले तास असतात. पैसे पुन्हा मिळवता येतात. तास परत मिळत नाहीत.

जोडण्याची भाषा

ही कला केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. आपल्या राज्याच्या दक्षिणेस, कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. पोर्तुगीजांच्या काळात पुष्कळांना गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले, आणि त्यांतले अनेक जण सुटून घाटातल्या जंगलांत जाऊन राहिले. आज त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि हिंदूही आहेत. तिन्ही धर्मांच्या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला त्या कवंद म्हणतात. काठापासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यापर्यंत यायचे, अशी त्यांची पद्धत. कोणी चंद्रकोर लावते, कोणी क्रूस लावते. परंतु चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची लहान फुले सगळ्याच जणी लावतात. ही फुले नसतील तर गोधडी उघडी दिसते, असे त्यांचे म्हणणे. ज्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे काही नव्हते, त्यांनीही नातवंडाच्या गोधडीला फुले लावल्याशिवाय ती पुरी मानली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००४ मध्ये या स्त्रियांची सहकारी संस्थाही उभी राहिली आणि त्यांची कवंदे परदेशांतल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचली.

आपल्या ठाणे जिल्ह्यातले उल्हासनगर घ्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि त्यातून हे शहर वसले. ही माणसे ज्या सिंधमधून आली, तिथली रल्ली प्रसिद्ध आहे. रल्ली म्हणजे रंगीत तुकड्यांची गोधडीच. तिथे हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतल्या स्त्रिया ती शिवतात आणि मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर देतात.

बंगालमध्ये हीच कला कांथा या नावाने ओळखली जाते. जसीमुद्दीन या कवीने १९२९ साली 'नक्शी कांथार माठ' हे कथाकाव्य लिहिले. रूपाई आणि साजू या खेड्यातल्या जोडप्याची ती कथा आहे. ताटातूट झाल्यावर साजू आपल्या संसाराची सारी हकीकत एका गोधडीवर टाक्यांनी भरते, आणि ती आपल्या कबरीवर अंथरावी अशी इच्छा सांगून जाते. सुई-दोऱ्याने माणूस जे सांगू शकतो, ते पुष्कळदा लेखणीलाही सांगता येत नाही. आपल्या कितीतरी नानी-दादींना अक्षरओळख नव्हती. त्यांचे लिहिणे गोधडीवरच झाले.

दूर अमेरिकेत १८४० नंतरच्या काळात मैत्रीच्या गोधड्या शिवल्या जात. एखादे कुटुंब गाव सोडून पश्चिमेकडे कायमचे निघाले की, त्यांचे स्नेही आणि शेजारी प्रत्येकी एक चौकोन शिवत, त्यावर आपले नाव लिहीत, आणि सगळे चौकोन जोडून ती गोधडी जाणाऱ्यांना देत. पुन्हा भेट होईल याची शाश्वती नसे. नव्या मुलखात थंडीच्या रात्री आपल्या सगळ्या स्नेह्यांची नावे अंगावर घेऊन ती माणसे झोपत असतील. दहावीच्या निरोपसमारंभात एकमेकांच्या वहीत संदेश लिहून घेणाऱ्या आपल्या मुलांना ही कल्पना सहज उमजेल.

आपली मराठी भाषाही या कामात कशी जोडलेली आहे ते पाहा. सुई संस्कृतातून आली, कातर संस्कृतातून आली. तर अस्तर, रुमाल, चादर, जरी हे शब्द फार्सीतून आले. बोटात घालायचे अंगुस्तान तेही फार्सीच. शिवायला बसलेल्या बाईला यांतला कुठला शब्द कुठून आला याची चौकशी करावीशी वाटत नाही. तिच्या डब्यात सगळे एकत्र असतात.

मुलगे आणि सुई

आता मी त्या चिठ्ठ्यांकडे येतो, ज्यांवर मुलांची नावे नाहीत.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातला एक विद्यार्थी होता. त्याच्या जिवलग मित्राचे कुटुंब ठाणे सोडून जाणार होते. याने वडिलांच्या जुन्या खाकी सदऱ्याचे कापड घेतले, आत आईच्या ओढणीचे दोन थर घातले, आणि आईकडून धावदोरा शिकून मित्रासाठी पेन्सिली ठेवायची एक पिशवी शिवली. टाके वाकडे होते. एका बाजूची शिवण दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत बोटभर खाली आली होती. वर्गात ती पिशवी बाहेर निघाल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "शिंपी! शिंपी!" आणि वर्ग हसला. ज्याच्यासाठी पिशवी होती, तो मात्र हसला नाही. त्याने आपल्या दप्तरातला नवा कंपासपेटीचा डबा रिकामा केला, त्यातले सगळे सामान त्या खाकी पिशवीत भरले आणि ती बाकावर सर्वांना दिसेल अशी ठेवली. मला त्या वर्गाला काही सांगावे लागले नाही.

परंतु "शिंपी" हा शब्द चिडवण्यासाठी का वापरला जावा, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. आपल्या परंपरेत शिवणकामाचा आरंभ हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांच्याशी जोडला जातो. महाराष्ट्राचे थोर संत नामदेव शिंपी घराण्यातले होते. कबीर विणकर होते. आपल्या शेजारचे भिवंडी गाव विणकरांच्या घामावर उभे राहिले. गाडगे महाराज (१८७६-१९५६) चिंध्यांची, ठिगळांची वस्त्रे अंगावर घालून हिंडले आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. ठिगळाची लाज त्यांना वाटली नाही.

आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा दाखला तर घरातच आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, पैगंबर साहेब (स.) घरी असताना आपले कपडे स्वतः शिवीत आणि आपल्या वहाणा स्वतः दुरुस्त करीत. मला विचारायचे आहे, ज्या कामाची त्यांना कमीपणा म्हणून कधी लाज वाटली नाही, ते काम आपल्या मुलांना बायकी का वाटावे? पालकहो, आपला मुलगा सदऱ्याचे तुटलेले बटण घेऊन बहिणीकडे जातो आणि बहीण आपला अभ्यास बाजूला ठेवून ते लावून देते. हे आपण रोज पाहतो आणि आपल्याला त्यात काही गैर वाटत नाही. यात मुलाचे एक कौशल्य बुडते आणि मुलीचा अभ्यासाचा वेळ बुडतो. दोघांचेही नुकसानच.

हाताने केलेल्या भेटीचा एक सुंदर प्रसंग हदीसमध्ये आहे. तो माझ्या शब्दांत सांगतो. एका स्त्रीने पैगंबर साहेबांसाठी (स.) स्वतःच्या हाताने काठाची एक चादर विणून आणली. त्यांना तिची गरज होती. त्यांनी ती स्वीकारली आणि नेसून ते बाहेर आले. एका माणसाने ती चादर मागितली. त्यांनी कोणाला कधी नाही म्हटले नव्हते. त्यांनी ती त्याला देऊन टाकली. लोकांनी त्या माणसाला दोष दिला. तेव्हा तो म्हणाला, मी ती वापरण्यासाठी मागितली नाही, माझे कफन व्हावे म्हणून मागितली. आणि पुढे तसेच झाले. ही हकीकत सांगणारे सहाबी हजरत सहल बिन साद (रजि.) यांनी त्या स्त्रीचे हातकामही आवर्जून सांगितले आहे. भेट मौल्यवान की साधी, हा प्रश्न तिथे कोणाच्या मनातही आला नाही. एकमेकांना भेटी दिल्याने माया वाढते, आणि शेजाऱ्याने दिलेली भेट कितीही लहान असली तरी तिला कमी लेखू नये, अशीही शिकवण आपल्याला आहे.

शिक्षणात हाताचे स्थान

"याचा परीक्षेत काय उपयोग?" या प्रश्नाचे उत्तर मी एका मोठ्या शिक्षणतज्ज्ञाकडे वळून देतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. तिने नव्या शिक्षणाचा आराखडा तयार करण्याचे काम ज्या समितीकडे सोपवले, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. पुढे १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा हस्तोद्योग, असा त्या योजनेचा गाभा होता. हाताने काम करणारा आणि डोक्याने काम करणारा अशी समाजाची जी फाळणी झाली आहे, ती शाळेतच सांधावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे शाळांत कार्यानुभव आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याची शिफारस केली आहे. म्हणजे जी गोष्ट आपण वेळेचा अपव्यय समजतो, ती शिक्षणाचे जाणकार ऐंशीहून अधिक वर्षे मागत आले आहेत.

गांधीजींचाच एक प्रसंग भेटीच्या संदर्भात सांगण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेत जनरल स्मट्स यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने चपलांचा एक जोड तयार केला, आणि १९१४ मध्ये तो देश सोडताना तोच जोड स्मट्स यांना भेट म्हणून पाठवला. स्मट्स यांनी त्या चपला अनेक उन्हाळे वापरल्या. १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वर्षानिमित्त त्यांनी त्या आदराने परत पाठवल्या आणि अशा थोर पुरुषाच्या चपलांत पाय घालण्याची आपली योग्यता नाही, अशा अर्थाचे लिहिले. कैद्याने कैद करणाऱ्याला दिलेली ती भेट होती. बाजारातून आणलेला जोड हे काम करू शकला असता का? विरोधकाला हे जमते, तर मित्रासाठी आपल्याला का जमू नये?

परीक्षेच्या भाषेतच बोलायचे तर शिवताना मूल माप घेते, कोन जुळवते, चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालते, आणि एका जागी अर्धा तास बसून एकच काम करते. अभ्यासाला हेच लागते. उसवणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे शिवणारे मूल लवकर शिकते.

एक सावधगिरी

इथे पालकांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या वस्त्यांत अनेक माता-भगिनी पोटासाठी शिवतात. नगावर मजुरी मिळते. डोळे आणि पाठ दोन्ही दुखतात. त्यांच्यासाठी सुई हा छंद नाही. तेव्हा हाताच्या भेटीचे कौतुक करताना आपण त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकता कामा नये. "अम्मी, उद्या माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे, रात्रीतून एक बटवा शिवून दे," असे म्हणून मिळवलेली भेट ही तुमची भेट नव्हे. ती अम्मीच्या झोपेतून काढलेली असते. अम्मीकडून शिका, पण टाके तुम्ही घाला. आणि खालाजानने किंवा शेजारच्या ताईंनी शिवलेली वस्तू हवी असेल, तर तिचे योग्य दाम मोजा. हातकामाचा मान राखणे म्हणजे त्याची मजुरी देणे हेही आहेच.

तसेच ही भेट स्पर्धेचा विषय होऊ देऊ नये. कोणाची गोधडी मोठी, कोणाच्या टाक्यांना बक्षीस, असे सुरू झाले की आपण पुन्हा त्या चकचकीत कागदापाशीच येऊन पोहोचू.

काय शिवावे, कसे शिवावे

आता प्रत्यक्ष कामाचे बोलतो. पहिल्याच प्रयत्नात पलंगाची गोधडी घेऊ नये. मित्रासाठी पेन्सिलींची पिशवी, मैत्रिणीसाठी बटवा, डब्याखाली घालायचा रुमाल, घरात नवे बाळ आलेल्या शिक्षिकेसाठी लहान दुपटे, हाफिज होणाऱ्या मित्रासाठी जुझदान, आजारी आजोबांसाठी मऊ जानमाज. अशी पुष्कळ कामे आहेत. त्यातल्या एखाद्याने सुरुवात करावी.

कापड सुती घ्यावे आणि शिवण्यापूर्वी धुऊन वाळवावे, म्हणजे नंतर आटून सुरकुत्या पडत नाहीत. जोपर्यंत एकाचा रंग दुसऱ्याला लागतो, तोपर्यंत रंगीत तुकडे वेगळेच धुवावेत. इस्त्री करून खाली अस्तर, मधे जुन्या कापडाचे दोन-तीन थर आणि वर दर्शनी कापड असे सपाट अंथरावे. मधोमध सुरुवात करून बाहेरच्या बाजूला लांब कच्चे टाके घालत जावे, म्हणजे थर सरकत नाहीत आणि मधे फुगवटा येत नाही. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याने काम लवकर होईल असे वाटते, पण तो गुंततो आणि वेळ उलट जास्त जातो. दोऱ्यावरून मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवला तर तो थरांतून सहज सरकतो. धावदोऱ्याच्या ओळी पट्टीने आखून घ्याव्यात. शेवटी कच्चे टाके काढून टाकावेत.

एक गोष्ट नवशिक्यांना ठाऊक नसते. धावदोरा घातला की कापड थोडे आखडते. म्हणून आधी मोठ्या तुकड्यावर शिवण घालावी आणि मग मापाने कापावे. पेन्सिलींच्या पिशवीसाठी असा शिवलेला २४ सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. तो मधोमध दुमडून दोन्ही बाजू उलट टीप घालून शिवाव्यात, वरची कड मुडपावी आणि एक बटण लावावे. जुझदानासाठी कापडावर प्रत ठेवून माप घेताना तिची जाडी धरायला विसरू नये आणि शिवणीसाठी प्रत्येक बाजूला दोन सेंटिमीटर कापड जास्त ठेवावे.

कापड कोणते निवडावे, यातही मैत्री आहे. शाळेच्या गणवेशाचा उरलेला तुकडा, ज्या ईदला दोघांनी मिळून फोटो काढला त्या कुडत्याचा तुकडा, खेळताना फाटलेल्या सदऱ्याचा तुकडा, असे जोडले तर ती भेट घेणाऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही. मात्र घरातले कापड कापण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, एवढी आठवण सर्व पालकांच्या वतीने मी करून देतो!

शिक्षकांना आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक नम्र विनंती आहे. पुढच्या वर्षी हस्तकलेचा हा वर्ग मुलगे आणि मुली दोघांसाठी असावा. दहावीच्या निरोपसमारंभासाठी वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हातभर चौकोन शिवावा, त्यावर आपले नाव टाक्यांत भरावे, आणि सर्वांचे चौकोन जोडून एक गोधडी तयार करावी. ती एखाद्या रुग्णालयाला किंवा अनाथ मुलांच्या वसतिगृहाला देता येईल. खर्च फार तर दोऱ्याच्या रिळांचा. परंतु आपली नावे कोणाच्या तरी अंगावर ऊब होऊन राहिली, याचे समाधान मुलांना जन्मभर पुरेल.

शेवटी बाबा फरीद गंजशकर यांच्याविषयी सांगितली जाणारी एक आख्यायिका सांगतो. त्यांच्याकडे कोणी भक्ताने कातर भेट म्हणून आणली. बाबा म्हणाले, मला कातर नको, सुई दे. कापणे माझे काम नव्हे, मी जोडणारा आहे. तेराव्या शतकातल्या या सूफी संताचे ते उत्तर आपल्या ठाणे जिल्ह्याला आजही लागू पडते. १९७० आणि १९८४ साली भिवंडीच्या दंगलींत या जिल्ह्याने कातर काय करते ते पाहिले आहे. १९८८ नंतर तिथेच मोहल्ला समित्यांतून दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसू लागली, आणि १९९२-९३ च्या कठीण दिवसांत ते गाव शांत राहिले, हेही या जिल्ह्याने पाहिले आहे. ते जोडण्याचे काम होते. एका दिवसात न होणारे, टाक्या-टाक्याने होणारे.

आपल्या मुलांच्या वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले एका बाकावर बसतात. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्यासाठी एखादी लहानशी वस्तू आपल्या हाताने शिवली, तर ती देताना त्याला खिशाकडे पाहावे लागणार नाही आणि घेणाऱ्याला किमतीकडे. म्हणून पालकहो, या ईदला आपल्या मुलाच्या हातात, होय, मुलाच्याही हातात, पैशांबरोबर एक सुईही द्या. पहिला टाका वाकडा पडेल. पडू द्या.

अल्लाह आपल्या हातांना बरकत देवो, एवढी दुआ करून मी माझे भाषण संपवतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.